पाऊण तास

हरिपूरच्या पेवांत हळद भरायचे तेव्हाची गोष्ट.
मी पेढीवर दिवाणजी. कानाला पेन्सिल, अक्षर वळणदार.
पेव म्हणजे जमिनीत पुरलेला रांजण समजा:
तोंडात एक माणूस मावेल, पोटात ट्रकभर माल.
आत हळद वर्षानुवर्षं राहते, कीड लागत नाही,
कारण किडीला लागते ती हवाच आत नसते.
माणसालाही तीच लागते.

म्हणून रीत होती.
तोंड उघडायचं, दोन-तीन तास तसंच ठेवायचं,
मग दोराला कंदील बांधून आत सोडायचा.
जळत राहिला तर माणूस उतरेल.
विझला तर कुणी नाही, मालकाचा बाप आला तरी.

त्या दिवशी कंदिलात रॉकेल नव्हतं.
ट्रक उभा, ड्रायव्हर चिंचेखाली शिव्या देतोय,
गावात जाऊन बाटली भरून आणायला पाऊण तास.
मी सिदू ऐवळेला म्हणालो,
"सोडून बघितलाय कंदील. उतर."

तो उतरला.
दोर माझ्या तळव्यातून सरकत गेला, आणि थांबला.
आतून आवाज येईपर्यंत मी श्वास घेतला की नाही
आठवत नाही.
मग खालून, मडक्यात बोलावं तसं:
"पोती सोडा."

संध्याकाळी वर आला, पापण्यांपर्यंत पिवळा.
हात धुतले, भाकरी खाल्ली, घरी गेला.
काही झालं नाही.
बायकोला सांगितलं नाही,
कारण सांगण्यासारखं काही झालंच नव्हतं.
वहीत लिहिलं: पोती अठ्ठेचाळीस. हमाली चुकती.
दोर जुना झाला, नवा घ्यावा.

कीर्तनात बुवा म्हणायचे, केलेलं भोगावं लागतं.
मी वाट बघितली.
थोरला मॅट्रिक पास झाला. म्हशीला रेडी झाली.
दिवाळीला मालकांनी पगार वाढवला.
कुणी भोगायलाच लावीना.
फक्त घरात कंदील लावला की
माझा हात आपोआप काचेकडे जायचा, चटका बसेपर्यंत.

पुढं कृष्णेचं पाणी पेवांत शिरलं, पेवं खचली,
माल कोल्ड स्टोरेजला गेला, मी घरी बसलो.
एकदा संगमाच्या घाटावर सिदू भेटला,
तंबाखू मळत होता. त्याला सांगून टाकलं.
"ठावं हाय," म्हणाला. "काच गार हुती.
हात लावून बघितला हुता मी."
"मग उतरलास कशाला?"
"हजेरी बुडली असती."
चुना मागितला. मी डबी दिली.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"दोर मातर लई घट्ट धरला हुता तुमी."
हे खरं होतं, की माझ्यासाठी म्हटलेलं,
विचारायचं धाडस झालं नाही.
इतकी वर्षं मला वाटत होतं, ओझं मी एकटा वाहतोय.
जड बाजू त्याच्या खांद्यावर होती.

गेल्या मंगळवारी खणभागात गटारीचं झाकण उघडलेलं.
काठावर एक पोरगं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.
ठेकेदार फोनवर, मान वाकडी करून:
"तपासलाय गॅस. उतर."

माझी काठी आडवी गेली. मी घातली असं म्हणवत नाही.
"कशानं तपासला? दाखव."
"आजोबा, बाजूला व्हा, ट्रॅफिक अडकलंय."
हॉर्न. एक रिक्षावाला हसला.
गुडघे लटपटायला लागले, तसा मी काठावरच बसलो,
पाय भोकात सोडून.
"यंत्र आण. तोवर मी हितंच."

पोरगं शेजारी उकिडवं बसलं. नाव अविराज.
मोबाइलवर कसलासा खेळ खेळत होतं,
एकदाही वर बघितलं नाही.
यंत्र मिरजेहून आलं. पाऊण तास लागला.
आत सोडलं.
दिवा हिरवा राहिला, हवा ठीक होती.
पोरगं उतरलं, काम करून वर आलं.

"बघा," ठेकेदार म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं?"
"हो," म्हणालो. "म्हटलं होतंस."